शीलाचा रकाना

‘नाही,’ म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

माझं पेन तोवर सवयीनं ‘होय’च्या चौकटीवर जाऊन पोचलंसुद्धा होतं. गेली नऊ वर्षं ते तिथंच जात आलंय. मुलगा आईबापांची सेवा करतो का? होय. वडीलधाऱ्यांचा मान राखतो का? होय. सणाला घरी येतो का? होय, होय, न चुकता येतो हो, आणि लगेच चहा, सुकी बोरं, शेंगा पुढ्यात. आमच्या लानशुई जिल्ह्यात कोणालाही वरची जागा द्यायची झाली की संघटन विभागाची, म्हणजे बढत्या ठरवणाऱ्या आमच्या खात्याची, दोन माणसं त्याच्या आईबापांच्या दारात जातात आणि विचारतात, तुमचं पोर तुमच्याशी कसं वागतं? जो घरात धड नाही तो कचेरीत काय धड वागणार, असा त्यामागचा विचार. विचार आमचा नाही, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या खुंग गुरुजींचा आहे. आम्ही फक्त त्याचा फॉर्म केला. आईबाप ‘नाही’ म्हणाले तर नाव तिथंच गळतं, मग बाकीचं काम डोंगराएवढं असलं तरी. नियम मोठा कडक. आणि या नऊ वर्षांत मी तीनशेच्या वर आयांसमोर बसले असेन, पण आमच्या जिल्ह्यात एकही कुपुत्र निघाला नाही. काही आयांच्या अंगातल्या नव्या स्वेटरला दुकानातली चिठ्ठी तशीच लोंबत असायची. एका घरी तर आम्ही दारात शिरायला आणि सुनेनं सासूचे पाय धुवायला घ्यायला एकच गाठ पडली, आणि पाणी इतकं गार, की म्हातारी किंचाळलीच. त्या दिवशी परत येताना ग्वानदादा गाडीत म्हणाला होता, ‘छुई, इतके गुणी लेक असलेल्या जिल्ह्यात वृद्धाश्रम कसे काय भरलेत गं?’

ग्वानदादा म्हणजे माझा जोडीदार. निवृत्तीला वर्ष राहिलेला, उजव्या गुडघ्यानं अधू, आणि कुठल्याही घरात पाच मिनिटांत घरचा होणारा. पण त्या ‘नाही’नं तोसुद्धा दचकला. ‘मावशी,’ तो मोठ्यानं म्हणाला, म्हातारीला कमी ऐकू येत असावं अशा आशेनं, ‘आम्ही यीशानबद्दल विचारतोय. तुमच्या मुलाबद्दल. पाणीखात्यातल्या.’

‘एकच मुलगा आहे मला,’ म्हातारी म्हणाली. ‘आणि ओरडू नका, कान चांगलेत माझे.’

ती खालून जाळ घातलेल्या विटांच्या ओट्यावर मांडी घालून बसली होती. अठ्ठ्याहत्तरीची, हाडकुळी, दात मुळापासून तपकिरी. पश्चिमेकडच्या गावांतल्या सगळ्यांचेच दात तसे असतात, तिथल्या विहिरींच्या पाण्यामुळं. अंगात जुनाच कोट होता आणि कोपरावर ठिगळ होतं, नीट, बारीक टाक्यांचं. आम्ही येणार हे तिला चार दिवस आधी कळवलेलं होतं. तिनं अंगण झाडलं होतं, बस्स.

‘फोन तरी करत असेल?’ मी विचारलं.

‘करतो. रविवारी. जेवलीस का म्हणतो, मी म्हणते जेवले. थंडी आहे का म्हणतो, मी म्हणते आहे. मग दोघं थोडा वेळ गप्प बसतो आणि ठेवून देतो.’

‘मग झालं की!’ ग्वानदादाच्या जिवात जीव आला. ‘दर रविवारी न चुकता चौकशी करतो. छुई, लिही.’

‘चौकशीचं कुठं विचारलंत? सेवा करतो का विचारलंत. सणाला येतो का विचारलंत. तीन नवी वर्षं झाली, आला नाही. बापाच्या थडग्यावरचं गवत तीन वसंत मीच काढतेय. गेल्या पावसाळ्यात अंगणात पडले, अठरा दिवस निजून होते, शेजारणीनं राळ्याची पेज भरवली. तो एकदा आला. उभ्या उभ्या. सातव्या महिन्याच्या नऊ तारखेला, दुपारी. दोन तासांनी गेला.’

‘पण का येत नाही ते…’ मी म्हणाले.

‘का ते त्याला विचारा.’

का ते मला ठाऊक होतं, सगळं फायलीत होतं. थान यीशान, वय त्रेचाळीस, इंजिनिअर. सहा वर्षांत त्रेचाळीसपैकी एकतीस गावांना गोडं पाणी पोचवणारा. नव्या वर्षाच्या सुट्टीत नेमकी कडाक्याची थंडी पडते, नळ फुटतात, म्हणून हाताखालच्या सगळ्यांना घरी पाठवून स्वतः पंपघरात झोपणारा. गावांची यादी त्यानंच केली होती. जिथलं पाणी सर्वांत वाईट, ते गाव आधी. त्याच्या स्वतःच्या गावाचं पाणी दात रंगवत होतं, पण हाडं वाकवत नव्हतं. म्हणून हे गाव एक्केचाळिसावं. मी चहाचा घोट घेतला होता तो अजून जिभेवर होता, मचूळ, मीठ टाकल्यासारखा. सहा वर्षं मुलगा दुसऱ्यांच्या दारात गोडं पाणी नेतोय आणि आई हे पितेय. पण म्हातारीनं पाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ते आम्ही विचारलं नव्हतं.

शेवटी ग्वानदादानं जे सांगायचं नसतं तेच सांगून टाकलं. ‘मावशी, तुम्ही असं म्हणालात तर त्याला ती जागा मिळायची नाही.’

म्हातारीचे हात पहिल्यांदाच थांबले. ‘चांगली जागा आहे?’

‘चांगली म्हणजे! अख्ख्या जिल्ह्याच्या पाण्याचा उपप्रमुख.’

‘नीट करील तो ते?’ हे तिनं मला विचारलं.

‘त्याच्यासारखं दुसरं कोणी करणार नाही,’ मी म्हणाले, आणि माझ्या नोकरीत मी फार थोडी वाक्यं इतकी खरी बोलले असेन.

बाहेर कोणीतरी मका पसरत होतं, त्याचा आवाज येत होता. मग तिनं माझ्या मांडीवरच्या फॉर्मकडे बोट केलं. ‘हे तुम्ही लिहून नेणार?’

‘हो, मावशी.’

‘मग नाही म्हणूनच लिहा. नुसत्या गप्पा मारायला आला असतात तर म्हटलं असतं, गुणाचा आहे माझा. आहेच तो. पण लिहिलेलं खोटं नको. माझी सासू लिहिलेला कागद चुलीत घालू द्यायची नाही. त्यासाठी वेशीपाशी वेगळी भट्टी होती, तिथं नेऊन जाळायचा, राख नदीत सोडायची. आम्हाला दोघींनाही वाचता येत नव्हतं.’

मी लिहिलं. ती बोलली तसंच, तारखेसकट. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, कारण तसा नियम आहे, आणि ती प्रत्येक वाक्यावर मान हलवत गेली, शाळेत धडा बरोबर म्हणणाऱ्या पोरीसमोर बाई हलवतात तशी. मग तिनं लाल शाईत अंगठा बुडवून इतका जोर लावून उठवला, की खालच्या पानावरही डाग उमटला. मला त्या बाईची भीती वाटत होती असंच मी म्हणेन, दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. मोठ्या साहेबाची वाटते तशी नाही. कड्याच्या टोकाला उभं राहून खाली बघताना पायांना वाटते तशी. या बाईला पोराचं भलं नको होतं असं नाही, ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. तिनं ते उचललं आणि बाजूला ठेवलं, आणि त्याचं तिला काहीच विशेष वाटलं नाही.

गाडी डांबरी रस्त्याला लागली. ग्वानदादा गुडघा चोळत म्हणाला, ‘विस्मरण.’

‘काय?’

‘वयोमानानं आलेलं विस्मरण. एक ओळ खालच्या शेऱ्यात. मग आईचं धरत नाहीत, शेजाऱ्यांचं धरतात. आणि निघताना भेटलेली ती शेजारीण तर त्याचे गोडवे गाताना दम घ्यायला तयार नव्हती. मुलानं फक्त सही करायची, की हो, आईला हल्ली आठवत नाही. संपलं.’

‘तिला तारखा पाठ होत्या, ग्वानदादा.’

‘त्या बरोबर होत्या की चूक, तुला काय माहीत? मला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही.’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘हे बघ, बारा गावं राहिलीत. हा नाही बसला तर तिथं कोण बसणार, माहितीये ना?’

माहीत होतं. त्याच्यानंतरचं नाव होतं मोउ नावाच्या गृहस्थाचं. त्याच्या आईनं आम्हाला उत्तरं देता देता तीनदा स्वतःच्या तळहातावर लिहिलेलं वाचलं होतं आणि तिन्ही वेळा ‘अतिशय सेवाभावी’ म्हणाली होती. मोउची सासुरवाडी यादीत शेवटची होती. तो खुर्चीत बसला की यादी कुठून सुरू होईल हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणजे एका बाजूला एक खोटी ओळ, आणि दुसऱ्या बाजूला बारा गावांतल्या पोरांचे दात आणि हाडं. ग्वानदादा वाईट माणूस नाही. त्यानं हिशेब सरळ मांडला होता आणि मला त्यात चूक दाखवता येत नव्हती.

मी काचेतून बघत राहिले. पॉप्लरची उघडी झाडं मागं पळत होती. विस्मरण. तो शब्द मला नवा नव्हता, मी तो एकदा वापरला होता. माझी आई शाळामास्तरीण. बाप लवकर गेला, तिनं मला एकटीनं वाढवलं, आणि अक्षर, पाठांतर, परीक्षा या तीन गोष्टींवर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा माणसांवर नव्हता. माझ्या कचेरीच्या मागं खुंग गुरुजींचं जुनं मंदिर आहे, तिथल्या अंगणात उंच शिळा उभ्या आहेत, बादशाही नोकरीची परीक्षा उतरलेल्यांची नावं कोरलेल्या. मी सहा वर्षांची असताना ती मला तिथं घेऊन जायची आणि माझं बोट धरून खोदलेल्या अक्षरांवरून फिरवायची. थंडगार दगड, अक्षरांच्या खाचांत बसलेली धूळ. ‘हे सगळे शेतकऱ्यांचे, सुतारांचे मुलगे होते,’ ती सांगायची. खरं तर तसं नव्हतं, बहुतेक जमीनदारांचे होते, हे मला पुढं कळलं. ‘यांचा बाप कोण हे कोणी विचारलं नाही. हा माणूस चांगला आहे का आणि याला येतं का, एवढंच विचारलं.’ माझ्या बोटाच्या टोकाशी अजून त्या खाचा आहेत. मी या खात्यात आले ती त्या दगडांमुळे. माणूस चांगला आहे हे कसं ओळखायचं, आणि ओळखलं तर त्याच्या हाती काय सोपवायचं, हा प्रश्न इतकी शतकं इथली माणसं विचारत आलीत, आणि आता तो विचारायचं काम माझ्याकडे, या विचारानं पहिली काही वर्षं मला रोज कचेरीच्या पायऱ्या चढताना छाती भरून यायची. आमच्या फॉर्मवर पाच रकाने असतात: शील, कुवत, कष्ट, काम, सचोटी. शील पहिलं. वरचे साहेब वाचायला सुरुवात करतात चौथ्यापासून, ही गोष्ट वेगळी.

तर आई. शेवटची दोन वर्षं ती शहराच्या पूर्वेकडच्या वृद्धाश्रमात होती. माझ्या घरापासून बसनं पंचवीस मिनिटं. एकदा तिथल्या मेट्रनचा फोन आला, की तुमची आई म्हणते मुलगी दोन महिने आली नाही, काही अडचण आहे का? मी तेव्हा मीटिंगच्या दारात होते, हातात बावीस माणसांच्या शीलाच्या फायली होत्या. मी हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं, हलकं, समजूतदार. ‘तिला आठवत नाही हो हल्ली,’ मी म्हणाले. ‘गेल्या आठवड्यातच येऊन गेले.’ मी गेले नव्हते. नऊ आठवडे गेले नव्हते. मेट्रनही हसली, म्हणाली, या वयात व्हायचंच. पुढच्या वेळी गेले तर आईच्या पलंगाच्या पायथ्याच्या कार्डावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं, विस्मरण. त्यानंतर आई जे जे म्हणाली ते विस्मरणात जमा झालं. पेज गार होती म्हणाली, विस्मरण. शेजारणीनं चष्मा नेला म्हणाली, विस्मरण. कान दुखतो म्हणाली तेही आठ दिवस कोणी मनावर घेतलं नाही, आणि नवव्या दिवशी उशीवर पू दिसला. आईनं ते कार्ड वाचलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईनं गोल करणारी बाई ती. तिनं वाचलं नसेल असं होणारच नाही. मेट्रननं तिला गमतीनं विचारलं, काय हो बाई, खरंच विसरता का? तर आई म्हणाली, ‘माझी मुलगी म्हणते ना, मग तसंच असेल.’ हे मला मेट्रननंच सांगितलं, आई गेल्यावर, सांत्वन म्हणून. आईनं मला झाकलं. मी तिला पुसून टाकलं, आणि तिनं मला झाकलं.

आणि तरी मी ती ओळ लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी, टेबलाशी बसून, स्वच्छ अक्षरात: ‘मातेस वयोमानानुसार विस्मरण असल्याने तिचे निवेदन ग्राह्य धरू नये.’ खाली मुलाच्या सहीसाठी जागा सोडली. मी स्वतःला सांगितलं, तेव्हा मी स्वतःसाठी लिहायला लावलं होतं, आता बारा गावांसाठी लिहितेय. एकदा केलेल्या गोष्टीला हात लवकर सरावतो.

ती जागा त्याला मिळाली नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कोणी उगाच त्या आशेवर राहायला नको. ती मोउला मिळाली. माझा फॉर्म वरून दोनदा परत आला. साहेबांचं म्हणणं, बाई, आईच्या जबाबात ‘नाही’ आहे आणि शीलाच्या रकान्यात तुम्ही ‘अत्युत्तम’ लिहिलंय, हे जुळत नाही, काहीतरी एक करा. दोन्ही वेळा मी तो तसाच वर पाठवला. ‘निवृत्तीला मी निघालोय की तू?’ असं ग्वानदादानं विचारलं. पण ते सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्या गुरुवारचं, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाखतीच्या खोलीतलं.

थान यीशान वेळेआधी दहा मिनिटं आला होता. उंच, खांदे जरा पुढं आलेले, आईसारखेच तपकिरी दात. हसताना ओठ मिटून घ्यायची सवय. बुटांना चिखल होता आणि तो खोलीत शिरण्यापूर्वी त्यानं पुसायचा प्रयत्न केलेला दिसत होता. आम्ही दोघं टेबलाच्या अलीकडे बसलेले, तो पलीकडे उभा. आम्ही बस म्हणेपर्यंत उमेदवार उभे राहतात, अशीच रीत आहे.

‘बसा, बसा,’ ग्वानदादा म्हणाला. ‘सगळं ठीक आहे. एक छोटी सही राहिलीय फक्त.’ आणि त्यानं कागद सरकवला.

त्यानं वाचलं. एकदा, मग पुन्हा वरपासून. ‘हे कोणी लिहिलं?’ त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, एखाद्या नळाचा व्यास विचारावा तसं विचारलं.

‘मी,’ मी म्हणाले.

‘आई काय म्हणाली होती?’

हे उमेदवाराला सांगत नाहीत. मी पहिला कागद काढला आणि वाचून दाखवला. तीन नवी वर्षं. थडग्यावरचं गवत. अठरा दिवस. सातव्या महिन्याची नऊ तारीख, दुपार, दोन तास. वाचताना मी वर बघितलं नाही, पण मला त्याचा श्वास ऐकू येत होता. पोटात कुणी गुद्दा मारल्यावर माणूस घेतो तसा एक श्वास आला.

‘दोन तास नाही,’ तो म्हणाला. ‘दीड. तिनं मला अर्धा तास जास्त दिलाय.’

‘तेच ना!’ ग्वानदादा टेबलावर हात आपटून म्हणाला. ‘बघ, तिला नीट आठवत नाही. कर सही.’

थान हसला, ओठ मिटून. मग हसू गेलं. ‘माझी आई शुद्धीवर आहे, साहेब.’

‘अरे, कोण म्हणतंय वेडी आहे म्हणून? वय झालं की होतं थोडं. कागदापुरतं आहे ते. तिला कळणारसुद्धा नाही.’

‘नाही कळणार.’

‘मग? बारा गावं आहेत, बाबा. तुझी यादी, तुझा घाम. तू या खुर्चीत नसलास तर काय होईल ते तुला आमच्यापेक्षा जास्त कळतं. तुझं स्वतःचं गावही त्यात आहे. तुझी आईही तेच पाणी पिते. पाण्यापेक्षा ही एक ओळ मोठी झाली?’

माझी खात्री आहे, की त्या क्षणी तो ती बारा गावं एकेक करून बघत होता, नावानिशी, विहिरीनिशी. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. ज्याला काहीच गमवायचं नसतं त्याचा नकार मी पुष्कळदा ऐकलाय, तो सोपा असतो. हा तसा नव्हता. त्यानं टेबलावरचं पेन उचललं आणि मला वाटलं, करतोय सही. माझ्या आत काहीतरी सुटल्यासारखं झालं, सुटकेसारखं, की चला, हाही माझ्यासारखाच. ते मला कबूल केलं पाहिजे. मला ते हवं होतं.

‘पाण्याचं मी बघेन,’ तो म्हणाला. ‘खुर्ची असो नसो. जास्त वेळ लागेल, भांडावं लागेल. काही पोरांना उशीर होईल, आणि तो उशीर माझ्या माथी असेल, हे मला ठाऊक आहे.’ मग त्यानं पहिल्या कागदावरचा लाल अंगठा पाहिला, आणि नंतरचं तो आम्हाला नाही, त्या अंगठ्यालाच सांगितल्यासारखं बोलला. ‘माझी आई अडाणी आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांत तिचं बोलणं कोणी कधी लिहून घेतलं नव्हतं. तुम्ही पहिल्यांदा घेतलंत. आणि तिनं खरं ते सांगितलं. ते मी खोटं ठरवू?’

त्यानं माझ्या ओळीवर सरळ एक रेघ मारली. रेघ मारणारा माणूस रागात असला की कागद फाटतो; इथं तसं काही झालं नाही. रेघेखाली, सहीसाठी सोडलेल्या जागेत, त्यानं लिहिलं, ‘आईचे निवेदन खरे आहे. मी घरी जात नाही.’ खाली सही केली, तारीख घातली, आणि पेन जिथं होतं तिथं ठेवलं.

खोलीत काही झालं नाही. हीटरचा आवाज चालू होता. खालच्या रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. माझी ओळ त्या रेघेखाली अजून वाचता येत होती आणि मी ती वाचत होते, माझं स्वच्छ, आईनं घोटून घेतलेलं अक्षर. लाज वाटली, फार वाटली, ती अजून वाटते. पण त्या वेळी लाजेहून मोठं काहीतरी त्या खोलीत होतं आणि लाजेला तिथं फारशी जागा उरली नाही. इतकी वर्षं मी शील नावाचा रकाना भरत आले होते, आणि ते दिसायला कसं असतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ते चिखलाचे बूट घालून माझ्यासमोर बसलं होतं, त्याचं जे काही होतं ते सगळं आत्ताच हरून, आणि त्याला आपण काही विशेष केलंय असं वाटतही नव्हतं. आईसारखंच.

मी उठून उभी राहिले. ठरवून नाही, बसवेना, म्हणून. त्या खोलीत आमच्या बाजूचं कोणी उमेदवारासाठी कधी उठलेलं नाही. ग्वानदादानं माझ्याकडे वर बघितलं, आणि मग टेबलाला धरून, गुडघ्याला शिव्या घालत तोही उठला.

थान गोंधळला. त्याला वाटलं मुलाखत संपली, आता जायला सांगतायत. तोही घाईनं उठला आणि खुर्ची नीट आत सरकवली. ‘निघू मी?’ त्यानं विचारलं. ‘चार वाजता एका व्हॉल्व्हचं काम आहे.’

ग्वानदादानं मान हलवली. थान आम्हाला वाकून दाराबाहेर पडला. जिन्यावर त्याची पावलं तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर गेली, आणि ती ऐकू येईनाशी होईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.